वाजले किती आणि वेळ गेला किती?

विद्यार्थी मित्रांनो, एका सोप्या गणिताने सुरुवात करू. रात्री तुम्ही झोपायला गेलात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. सकाळी उठलात तेव्हा त्याच घड्याळात सात वाजले होते. किती तास झोपलात? नऊ, असे तुम्ही चटकन सांगाल. पण घड्याळ तासभर मागे पडले होते आणि तुम्ही झोपेत असताना वडिलांनी ते रेडिओवरून बरोबर लावून ठेवले, असे असेल तर? मग तुम्ही आठच तास झोपलात. आता गंमत पाहा. सकाळी घड्याळ बरोबर होते. तुमची वजाबाकीही बरोबर होती. तरी उत्तर चुकले!

या चुकीने दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यांचे पाणी तोडले होते. आणि याच चुकीला दूर ठेवण्यासाठी जगातली काही फार हुशार माणसे रोज दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी डोळ्यांत तेल घालून वाचत असतात. त्यांच्या कामाची ओळख तुम्हांला करून द्यावी म्हणून हा लेख.

मी राहतो मुंबईत, घोडपदेवला. जुनी चाळ पाडून तिथे आता उंच इमारत झाली आहे. पालिकेचे पाणी पहाटे तळटाकीत येते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. पूर्वी हे काम वॉचमन करी. मग इमारतीतच राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तळहातावर मावेल एवढा एक छोटा संगणक पंपाला जोडून दिला. वरची टाकी रिकामी दिसली की पंप सुरू करायचा आणि चाळीस मिनिटे झाली की बंद करायचा, एवढेच त्याचे काम. सहा महिने सारे सुरळीत चालले. नंतर मधूनच एखाद्या दिवशी पंप मिनिटभर चाले आणि बंद पडे. आठ वाजेपर्यंत वरच्या मजल्यांवर नळ कोरडे, आणि बादल्या घेतलेली मंडळी माझ्या विद्यार्थ्याच्या दारात!

पंप उघडून पाहिला, तो ठणठणीत. वायरी पाहिल्या, त्या ठीक. शेवटी वॉचमनच्याच लक्षात आले की, ज्या पहाटे वीज जाऊन परत येते त्याच दिवशी हा प्रकार होतो. तेव्हा विद्यार्थी मला म्हणाला, "सर, पंप बंद पडत नाहीये. संगणक तो मुद्दाम बंद करतोय. त्याच्या मते चाळीस मिनिटे होऊन गेलेली असतात."

एका मिनिटात चाळीस मिनिटे कशी होतील? ते समजण्यासाठी संगणक वेळ कशी ठेवतो ते पाहिले पाहिजे.

पोटातले घड्याळ

प्रत्येक संगणकात सर्वांच्या मुळाशी एक आज्ञावली असते. कोणत्या कामाला केव्हा वाव द्यायचा, स्मृतीतली जागा कुणाला द्यायची, तबकडीवर काय लिहायचे, हे सगळे ती ठरवते. तिला कर्नेल म्हणतात, म्हणजे दाण्यातला गर. लिनस टॉरवाल्डस या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’ नावाचे कर्नेल लिहायला घेतले. आज ते अँड्रॉइडच्या मोबाइलमध्ये आहे, मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांत आहे आणि आमच्या पंपाच्या डबीतही आहे. त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते.

इतर सर्व आज्ञावल्या वेळ विचारतात ती या कर्नेलला. माझे आजोबा गिरणीत साच्यावर कामाला होते. त्यांच्याकडे घड्याळ नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. सातच्या पाळीचा भोंगा झाला की अख्ख्या घोडपदेवला तो ऐकू येई. भोंगा चुकला की गेट बंद, आणि गेट बंद म्हणजे त्या दिवसाचा खाडा. कर्नेल म्हणजे संगणकातला भोंगाच समजा. तो चुकला तर सगळ्यांचेच चुकते.

कर्नेलला वेळ कळते ती स्फटिकाकडून. क्वार्ट्झचा लहानसा तुकडा विजेच्या धक्क्याने ठराविक वेगाने कंप पावतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याला दोनाने भागत जा. पंधरा वेळा भागलेत की बरोबर १ उरेल. इलेक्ट्रॉनिक मंडलाला निम्मे करणे फार सोपे जाते, म्हणून हा आकडा निवडला आहे. पण स्फटिकही अगदी अचूक नसतो. दहा लाखांत वीसाची चूक म्हटली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो. म्हणून संगणक अधूनमधून जाळ्यावरून दुसऱ्या, अधिक अचूक घड्याळाची वेळ मागून घेतो आणि आपले घड्याळ दुरुस्त करतो.

वीज गेल्यावरही वेळ चालू राहावी म्हणून बहुतेक संगणकांत बटणाएवढी बॅटरी असते. आमच्या स्वस्तातल्या डबीत ती नव्हती. अशा संगणकाला जागे झाल्यावर तारीख ठाऊक नसते. मग तो शून्यापासून सुरुवात करतो. कर्नेलचे शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. तिथून किती सेकंद झाले, एवढी एकच संख्या तो जपतो. आपल्या वेळेने ती झाली १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. एखाद्या मोबाइलवर ही तारीख तुम्हांला दिसली तर घाबरू नका. घड्याळ शून्यावर गेले आहे, इतकेच.

आता आमच्या पंपाचे कोडे तुम्हीच सोडवा पाहू! वीज आली, डबी जागी झाली. टाकी रिकामी दिसली म्हणून तिने पंप लावला आणि वहीत नोंद केली: "सुरुवात, १९७०, साडेपाच." मिनिटभराने जाळे जोडले गेले आणि घड्याळ आजच्या तारखेला आले. डबीने वजाबाकी केली. पंप सुरू होऊन अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोटला! चाळीस मिनिटे केव्हाच झाली, करा बंद.

उपाय एका शब्दाचा होता. कर्नेल दोन वेगळी घड्याळे ठेवते. एक भिंतीवरच्यासारखे. ते "वाजले किती?" याचे उत्तर देते आणि कुणी दुरुस्त केले की पुढे वा मागे उडी मारते. दुसरे शर्यतीतल्या पंचाच्या घड्याळासारखे. वाजले किती ते त्याला मुळीच ठाऊक नसते, पण ते कधी मागे जात नाही आणि उडीही मारत नाही. "वेळ गेला किती?" हे त्यालाच विचारायचे. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या घड्याळाऐवजी दुसऱ्याचे नाव लिहिले आणि गच्चीवरची टाकी भरू लागली.

एकोणचाळीस मिनिटांचा दंगा

हा घोटाळा संगणकांनी आणलेला नाही. आमच्या गिरणगावाने तो शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.८ पूर्व. चाराने गुणा: २९१ मिनिटे, म्हणजे ४ तास ५१ मिनिटे. सूर्याच्या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रिनिचच्या एवढीच पुढे. पूर्वी मुंबईची घड्याळे खरोखर याच वेळेवर चालत. मद्रासची वेळ होती ५ तास २१ मिनिटे, म्हणजे आपल्या अर्धा तास पुढे, आणि रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने धावत. स्टेशनात एक वेळ, बाहेर दुसरी. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की, सरकारी कामासाठी मुंबईनेही मद्रासचीच वेळ पाळावी. कागदावर सुटसुटीत वाटणारी ही सुधारणा शहराला मुळीच रुचली नाही. १८८३ साली सरकारला ती मागे घ्यावी लागली.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरची, ५ तास ३० मिनिटांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात गिरण्यांतले हजारो कामगार काम सोडून बाहेर पडले, गिरण्यांवर दगडफेक झाली. शहरात सभा भरल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. नुसत्या घड्याळासाठी एवढे? असे तुम्हांला वाटेल. पण कामगाराच्या बाजूने गणित मांडून पाहा. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास उगवतो. जुन्या घड्याळाने ते होत साडेसहा. समजा, काम सहाला सुरू होते. जुन्या सहाला हजर राहणारा माणूस उजाडण्याआधी अर्धा तास घरातून निघे. नव्या सहाला हजर राहायचे तर सव्वा तास आधी निघायचे, थंडीत, मिट्ट काळोखात.

आणि त्याहून वाईट शंका कोणती असेल? येण्याची वेळ नव्या घड्याळाने धरली आणि सुटण्याची जुन्या, तर? दिवस गुपचूप ३९ मिनिटांनी वाढेल आणि मजुरी तेवढीच राहील. प्रत्यक्षात असे कुणी केले, असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याने ही शंका घेणे मला तरी अगदी शास्त्रीय वाटते. सुरुवात एका घड्याळाने आणि शेवट दुसऱ्या घड्याळाने मोजायचा, हाच तर आमच्या पंपाचा रोग!

मुंबईची वेळ लगेच गेली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, १९५५ पर्यंत, ती शहरात कुठे ना कुठे टिकून होती. दोन माणसांनी भेट ठरवली की "कोणत्या टायमाने?" असे विचारावे लागे.

दुसऱ्याच्या ओळी वाचणारी माणसे

पंप बरा झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याला कर्नेलच्या घड्याळाचा नादच लागला. त्यात कुणी बदल सुचवला की तो वाचू लागला, आणि मलाही दाखवू लागला. मला आज्ञावल्यांतले फारसे कळत नाही, पण वेळेचे भौतिकशास्त्र कळते, त्यामुळे आमची रविवार सकाळ मजेत जाते.

पद्धत अशी आहे. कुणालाही कर्नेलमध्ये सुधारणा सुचवता येते. त्याने जुन्या ओळींपुढे उणे चिन्ह घालून आणि नव्या ओळींपुढे अधिक चिन्ह घालून बदल लिहायचा, तो का करायचा हे चार वाक्यांत सांगायचे आणि खाली आपली सही करायची. मग जाणकार तो वाचतात, खोदून खोदून प्रश्न विचारतात, पुन्हा लिहायला लावतात. समाधान झाले की "मी तपासले" अशी आपली सही खाली घालतात. वेळेच्या विभागाची राखण जॉन स्टुल्झ आणि थॉमस ग्लाइक्सनर या तज्ज्ञांनी अनेक वर्षे केली आहे. त्यांच्या हाताखालून न जाता तिथे एक स्वल्पविरामही सरकत नाही, असे म्हटले तरी चालेल.

तपासणारा काय शोधतो? एक नमुना पाहू. एखाद्या यंत्राला आज्ञा दिली आणि दोन सेकंदांत उत्तर आले नाही तर वाट पाहणे सोडायचे आहे. कर्नेलमध्ये टिकटिक मोजणारा एक गणक असतो. काही यंत्रांवर तो सेकंदाला १०० ने वाढतो, काहींवर २५० ने, काहींवर १००० ने. नवशिका मराठीत लिहील तर असे लिहील:

जर आत्ताचा आकडा मुदतीच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर थांब.

यात चूक दिसते? मलाही दिसली नव्हती. पण गणकाला अंक किती? ३२ दुअंकी स्थाने असतील तर त्यात ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे मोजता येत नाही. पुढच्या टिकेला तो पुन्हा शून्यावर येतो, जसे जुन्या स्कूटरचे किलोमीटर दाखवणारे चक्र ९९९९९ नंतर ००००० होते. सेकंदाला हजार टिका म्हटल्या तर हे ४९.७ दिवसांनी घडते. (विंडोज ९५ ही प्रणाली सलग ४९.७ दिवस चालू ठेवली तर याच कारणाने अडकत असे. हे लोकांच्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. सलग इतके दिवस ती चालवणार कोण, हाही प्रश्नच होता.)

आता घड्याळाची बारा आकड्यांची तबकडी डोळ्यांसमोर आणा. अकरा वाजले आहेत. दोन तास थांबायचे, म्हणजे मुदत एक वाजता. नवशिक्याचा नियम लावा: ११ हे १ पेक्षा मोठे आहे का? आहे! मग मुदत संपली, थांब. अजून एक क्षणही गेलेला नसताना!

जाणकार म्हणतो, तुलना करू नकोस, वजाबाकी कर. आत्ता उणे मुदत, आणि उत्तर तबकडीवरच मोज. ११ मधून १ गेले, राहिले १०. तबकडीच्या निम्म्याहून, म्हणजे ६ हून हे जास्त आहे, तेव्हा मुदत अजून पुढे आहे असे समज. आता दोन वाजू देत. २ मधून १ गेला, राहिला १. निम्म्याहून कमी, म्हणजे मुदत टळली. नियम दोन्ही वेळा बरोबर उतरला. अट एवढीच की मुदत अर्ध्या फेरीहून लांब नको. हजार टिकांच्या गणकावर अर्धी फेरी म्हणजे जवळजवळ पंचवीस दिवस. दोन सेकंदांच्या कामाला तेवढे पुष्कळ झाले. वहीत तबकडी काढून तुम्ही वेगवेगळे आकडे घालून पाहा. माझ्या बारावीच्या वर्गाला हे पटायला पूर्ण तास लागला होता.

पण अशा चुकीत एक खोच आहे. ती पन्नास दिवसांनी उगवते. तोवर आज्ञावली लिहिणारा ते विसरून गेलेला असतो. यावर लिनक्सच्या मंडळींनी काढलेली युक्ती मला इतकी आवडली की मी ती ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. त्यांनी हा गणक शून्यापासून सुरूच केला नाही! संगणक चालू होताना तो अशा आकड्यावर ठेवतात की, बरोबर पाच मिनिटांनी तो उलटून शून्य होईल. ज्याच्या ओळीत चूक असेल त्याची फजिती पन्नासाव्या दिवशी होत नाही, चहा गार व्हायच्या आत होते.

मागे घेतलेली सुधारणा

जाणकारही चुकतात. २०१८ साली काय झाले ते पाहा.

वर मी पंचाच्या घड्याळाविषयी लिहिले. खरे तर लिनक्समध्ये तशी दोन आहेत. तुम्ही लॅपटॉप मिटला की तो झोपतो. एक घड्याळ झोपेचा काळ धरत नाही, दुसरे धरते. बाकी दोघे सारखेच. मग दोन कशाला? एकच ठेवू आणि त्यात झोपही मोजू, असा बदल ग्लाइक्सनर यांनीच लिहिला. तो तपासला गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीसाठी घेतलाही गेला. एकाऐवजी दुसरे, ओळी कमी, सारे नीटनेटके.

आणि तक्रारी येऊ लागल्या. पुष्कळ संगणकांत एक पहारेकरी आज्ञावली असते. तिच्या हाताखालच्या प्रत्येक आज्ञावलीने ठराविक वेळाने "मी जागी आहे" असे कळवायचे असते. बराच वेळ निरोप आला नाही तर ती बिघडली असे धरून पहारेकरी तिला बंद करतो. जुन्या घड्याळात झोपेचा काळ धरलाच जात नसल्याने सकाळी लॅपटॉप उघडला की सगळे जिथे होते तिथून पुढे चालू होई. नव्या घड्याळाने मात्र पहारेकऱ्याला सांगितले की, आठ तास झाले, कुणाचा निरोप नाही! बिचाऱ्या आज्ञावल्या, त्याही झोपल्याच होत्या.

त्याच महिन्यात बदल मागे घेण्यात आला. मागे घ्यावा लागेल ही शक्यता ग्लाइक्सनर यांनी तो देतानाच मांडून ठेवली होती, हे मला विशेष वाटते. लिनक्सच्या लोकांचा एक कडक दंडक आहे: कर्नेल बदलले म्हणून लोकांची चालू असलेली आज्ञावली मोडता कामा नये. त्या घड्याळात झोप धरली जात नाही हे लेखी सांगितलेले होते, आणि लोक त्यावर विसंबून होते. फर्ग्युसनसाहेबांच्या हुकुमाला मागे यायला दोन वर्षे लागली होती, इथे महिनाही लागला नाही. तक्रार करणाऱ्याला दगड मारावा लागला नाही, हाही फरक आहेच.

दुसरी एक फजिती याहून मोठी झाली. पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाइतके नियमित नाही. त्यामुळे १९७२ पासून मधूनमधून जगाच्या वेळेत एक जादा सेकंद घालतात, तसे २०१६ अखेरपर्यंत २७ घातले गेले. १ जुलै २०१२ रोजी, रविवारी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजता वाजता असा एक सेकंद आला. लिनक्सच्या भिंतीवरच्या घड्याळाने तो नीट घेतला, एक सेकंद मागे सरकले. पण आज्ञावल्यांना ठरल्या वेळी उठवणाऱ्या गजराच्या विभागाला ही बातमी कळवायची राहून गेली. त्याच्या हिशेबात एका सेकंदाची तफावत पडली. "मला अर्ध्या सेकंदाने उठव" म्हणून जी आज्ञावली झोपे तिला तो तत्काळ उठवी. ती पुन्हा झोपे, हा पुन्हा उठवी. असे सेकंदाला हजारो वेळा! जगभर असंख्य संगणक तापले, रेडिटसारखी मोठी संकेतस्थळे बंद पडली, ऑस्ट्रेलियात क्वांटासची विमाने खोळंबली. तात्पुरता इलाज ऐकून तुम्ही हसाल. संगणकाला आजची तारीख पुन्हा एकदा सांगायची, तीच, जी त्याला आधीच ठाऊक होती! तारीख लावली की ती बातमी गजराच्या विभागाला जाते, आणि सगळे शांत. हा जादा सेकंदाचा प्रकार २०३५ पर्यंत थांबवण्याचे राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठरवले आहे.

आता राहिली २०३८ ची गोष्ट. १९७० पासूनचे सेकंद जुन्या संगणकांत ३२ दुअंकी स्थानांत लिहीत. त्यातले एक स्थान अधिक-उण्याच्या चिन्हाला दिल्यावर सर्वांत मोठी संख्या उरते २,१४,७४,८३,६४७. तेवढे सेकंद पुरे होतील १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले असताना. पुढच्या सेकंदाला असा संगणक १९०१ च्या डिसेंबरात जाईल. तेव्हा भारतीय प्रमाणवेळ जन्मालाही आली नव्हती. मुंबईत तिच्या स्वतःच्या वेळेने १४ डिसेंबरचे रात्रीचे दीड वाजून गेले असतील.

नव्या संगणकांत ६४ स्थाने आहेत, त्यांना चिंता नाही. ३२ स्थानांच्या छोट्या यंत्रांसाठी मात्र लिनक्समध्ये शेकडो ठिकाणी बदल करावे लागले. एकेक ओळ कुणीतरी बदलली आणि दुसऱ्या कुणीतरी वाचली. हे काम काही वर्षे चालले आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून अशा यंत्रांनाही २०३८ ओलांडता येऊ लागले. अर्थात, ज्या डबीत जुनेच कर्नेल बसले आहे तिला याचा काय उपयोग?

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी पंपाच्या खोलीत एक प्रयोग केला. जाळ्याची वायर काढली आणि डबीचे घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४० मिनिटांवर लावले. पंप सुरू केला आणि चहा घेत बसलो. ८:४४:०५, ०६, ०७... आणि ०८. पंप चालूच राहिला आणि चाळीस मिनिटे भरल्यावर आपला आपण थांबला.

बाहेर येऊन लिफ्टची वाट पाहत उभे होतो, तर विद्यार्थी लिफ्टच्या पेटीकडे बघत म्हणाला, "सर, हिच्यात कोणतं घड्याळ असेल?" आम्ही सोसायटीच्या ऑफिसात विचारले, सेक्रेटरींनी लिफ्ट बसवणाऱ्यांना फोन केला. "बघून सांगतो," असे उत्तर आले. अजून आम्ही वाट पाहतो आहोत.